घास अडकतो तेव्हा : अन्ननलिका आणि जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

अन्ननलिका आणि जठर या दोन अवयवांचे कर्करोग शल्यचिकित्सेतील सर्वांत अवघड आजारांमध्ये गणले जातात. अन्ननलिका मान, छाती आणि पोट अशा तीन प्रदेशांतून जाते. तिला हात घालायचा तर हृदय, फुफ्फुसे आणि महारोहिणी यांच्या शेजारी काम करावे लागते. जठर त्यामानाने हाताशी असते, पण त्याच्याभोवती यकृत, प्लीहा, स्वादुपिंड आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची दाटी असते. या दोन्ही ठिकाणची गाठ काढून माणूस जगवता येतो, हे सिद्ध व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. गाठ काढल्यावर तो किती वर्षे जगेल, आणि कसा जगेल, यावरचे संशोधन आजही चालू आहे.

या संशोधनाचा सातारा आणि सांगली जिल्ह्यांशी जवळचा संबंध आहे. कृष्णाकाठच्या गावांतून तंबाखू आणि मिश्रीची सवय पिढ्यान्‌पिढ्या रुजली. विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ असलेले निपाणी इथून जवळ आहे. आणि पश्चिम महाराष्ट्रात आधुनिक शस्त्रक्रियेचे एक मोठे केंद्र उभे राहिले तेही सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत.

दोन अवयव, दोन स्वभाव

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. पोटातल्या इतर अवयवांवर बाहेरून एक पातळ चिवट आवरण असते, तसे तिच्यावर बहुतेक ठिकाणी नसते. त्यामुळे भिंत भेदून बाहेर पडलेली गाठ लगेच श्वासनलिकेला किंवा महारोहिणीला चिकटू शकते. शिवाय तिच्या अस्तराखाली लसीकावाहिन्यांचे उभे जाळे असते. गाठ लहान असतानाच कर्कपेशी या जाळ्यातून वर मानेपर्यंत आणि खाली पोटापर्यंत पोहोचू शकतात.

लक्षणेही उशिरा दिसतात. नळी लवचीक असल्यामुळे बरीच अरुंद झाल्याशिवाय गिळायला त्रास होत नाही. आधी भाकरीचा घास अडकतो, मग भात, मग पेज आणि शेवटी पाणीसुद्धा. अनेक घरांत हा क्रम पूर्ण होईपर्यंत भाकरी दुधात कुस्करून खाणे, गरम पाणी पिणे, पित्ताची गोळी घेणे यांत महिने जातात.

जठराचा कर्करोग त्याहून फसवा. भूक मंदावणे, थोड्याशा जेवणाने पोट भरणे, जळजळ, अशक्तपणा, वजन घटणे ही लक्षणे साध्या पित्तासारखी वाटतात. गाठीतून थेंबाथेंबाने रक्त जात राहिले तर शौचाला काळी होते आणि रक्तातले हिमोग्लोबिन उतरते. पुष्कळदा हा रोग रक्त कमी होण्याचे कारण शोधताना सापडतो.

कारणांतही फरक आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा स्क्वॅमस प्रकार भारतात अधिक आढळतो आणि त्याचे नाते तंबाखू, विडी व दारूशी आहे. ग्रंथीपेशींचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा प्रकार पाश्चात्त्य देशांत अधिक आहे आणि तो लठ्ठपणा व दीर्घकाळच्या आम्लपित्ताशी जोडलेला आहे. जठराच्या कर्करोगामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू मोठे कारण आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1982 मध्ये तो वेगळा करून वाढवला आणि त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण एका देशातल्या रुग्णांवर सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या प्रकारच्या गाठीला तितकाच लागू पडेल असे नसते.

व्हिएन्नापासून मिरजेपर्यंत

जठराचा रोगट भाग काढून उरलेले टोक आतड्याला जोडण्याचे प्रयत्न 1879 मध्ये फ्रान्समध्ये आणि 1880 मध्ये आजच्या पोलंडमध्ये झाले. दोन्ही रुग्ण दगावले. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी एका 43 वर्षांच्या स्त्रीच्या जठराचे कर्करोगग्रस्त टोक काढले आणि ती शस्त्रक्रियेतून बरी झाली. रोग उलटल्यामुळे पुढे काही महिन्यांतच तिचा मृत्यू झाला, पण जठर कापून पुन्हा जोडता येते हे सिद्ध झाले. 1897 मध्ये झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढले आणि जठराशिवाय माणूस जगू शकतो हेही दिसून आले.

याच काळात विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर 1889 मध्ये भारतात आले. 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि 1897 पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही दिले जाऊ लागले. क्लोरोफॉर्मची भूल, निर्जंतुक हत्यारे, शिकलेल्या परिचारिका आणि शस्त्रक्रियेनंतरची देखरेख या चार गोष्टी तिथे एका छताखाली आल्या. दूरदूरच्या गावांतून रुग्ण मिरजेला येऊ लागले. वैद्यकीय नगरी ही मिरजेची ओळख तेव्हापासूनची आहे. 1962 मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तर सातारा जिल्ह्यात कराडला 1984 मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

अन्ननलिकेची गोष्ट उशिरा सुरू होते. छाती उघडताच फुफ्फुस मिटते आणि रुग्ण गुदमरतो, ही अडचण भूलशास्त्राने सोडवेपर्यंत शल्यचिकित्सकांचे हात बांधलेले होते. 1913 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतून अन्ननलिकेचा रोगट भाग काढला. उरलेली टोके जोडता आली नाहीत, म्हणून मानेतील भोक आणि जठरातील भोक यांच्यामध्ये बाहेरून रबरी नळी बसवण्यात आली. ती रुग्ण त्या नळीच्या आधाराने जेवत 12 वर्षांहून अधिक जगली. 1933 मध्ये क्योटोचे ओसावा यांनी जठर छातीत वर ओढून अन्ननलिकेला जोडल्याचे प्रसिद्ध केले. 1946 मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती अशा दोन मार्गांनी करायची शस्त्रक्रिया मांडली. 1976 मध्ये मॅककिऑन यांनी त्यात मानेतील तिसऱ्या छेदाची भर घातली. या दोन्ही पद्धती आजही वापरल्या जातात. जठराची एक लांब नळी तयार करून, मोठ्या वक्राच्या काठाने उजवीकडून येणारी रक्तवाहिनी जपून, ती वर नेऊन जोडायची, हे तत्त्व तेच आहे. हा जोड सुटला तर पू छातीत साठतो. रक्तपुरवठा आणि जोड यांवर इतके संशोधन होते ते याच कारणाने.

किती काढायचे?

गाठ काढता येऊ लागल्यावर पुढचा प्रश्न आला तो भोवतालच्या लसीकाग्रंथींचा. जपानी शल्यचिकित्सकांनी 1960 च्या दशकात जठराभोवतीच्या ग्रंथींना क्रमांक देऊन त्यांचा नकाशा तयार केला. जठराला अगदी लागून असलेल्या ग्रंथी काढणे म्हणजे डी-1. जठराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्यांवरच्या ग्रंथीही काढणे म्हणजे डी-2. जपानमध्ये डी-2 रूढ झाले, पण युरोपला त्याचा पुरावा हवा होता.

नेदरलँड्समध्ये 1989 ते 1993 या काळात रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी झाली. मित्सुरू सासाको हे जपानी शल्यचिकित्सक तिथल्या डॉक्टरांना शिकवायला गेले होते. तरीही निकाल निराशाजनक आला. डी-2 नंतर सुमारे 10 टक्के रुग्ण दगावले, डी-1 नंतर 4 टक्के. पाच वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे होते. मात्र 15 वर्षांनी पुन्हा हिशेब झाला तेव्हा डी-2 गटात जठराच्या कर्करोगाने मेलेल्यांचे प्रमाण 37 टक्के, तर डी-1 गटात 48 टक्के निघाले. दगावलेल्यांच्या नोंदी बारकाईने पाहिल्यावर कळले की ग्रंथी काढण्याच्या ओघात प्लीहा आणि स्वादुपिंडाचे टोकही काढले जात होते आणि धोका त्यामुळे वाढत होता. हे अवयव राखून डी-2 करणे, हा त्यातून निघालेला धडा.

मग आणखी पुढे जाऊन महारोहिणीभोवतीच्या ग्रंथीही काढाव्यात का? जपानमध्येच 523 रुग्णांवर हे तपासले गेले आणि निकाल 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण डी-2 गटात 69.2 टक्के आणि वाढीव शस्त्रक्रियेच्या गटात 70.3 टक्के होते. एवढ्या कष्टाचा फायदा काहीच झाला नाही. पुढे 505 रुग्णांच्या चाचणीत, जठराच्या वरच्या भागातली पण प्लीहेकडच्या मोठ्या वक्राला न लागलेली गाठ असेल तर प्लीहा काढण्याने आयुष्य वाढत नाही, हेही जपानी डॉक्टरांनीच दाखवून दिले. आपल्याच रूढ पद्धतीची परीक्षा घेऊन ती सोडून देण्याची ही तयारी शल्यसंशोधनाचा सर्वांत मोठा गुण आहे.

अन्ननलिकेबाबत हाच वाद छाती-पोटातल्या ग्रंथी काढायच्या की मानेतल्याही, असा आहे. पहिल्याला दोन-क्षेत्र आणि दुसऱ्याला तीन-क्षेत्र शस्त्रक्रिया म्हणतात. शांघायमध्ये 400 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्हींमध्ये जगण्याचा फरक दिसला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही या प्रश्नावर स्वतंत्र चाचणी हाती घेतली.

मोठा छेद की लहान छिद्रे

अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर जिवावर बेतते ते बहुतेकदा न्यूमोनियामुळे. छातीला मोठा छेद असला की दुखण्यामुळे रुग्ण खोकत नाही, कफ साठतो आणि फुफ्फुसात संसर्ग होतो. म्हणून 1990 च्या दशकात छातीत लहान छिद्रांतून दुर्बीण घालून हेच काम करण्याचे प्रयत्न सुरू झाले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत 115 रुग्ण होते. पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर 29 टक्के रुग्णांना झाला, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर 9 टक्के रुग्णांना. फ्रान्समध्ये 207 रुग्णांच्या चाचणीत पोटातला भाग दुर्बिणीने आणि छातीतला भाग उघडून केला गेला. गंभीर गुंतागुंत 64 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर आली.

पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने कुशीवर झोपवलेल्या रुग्णावर दुर्बिणीने अन्ननलिका काढण्याचा आपला अनुभव 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. सातारा-सांगलीच्या रुग्णाला हे तंत्र मुंबईपेक्षाही जवळ उपलब्ध झाले, हे त्याचे महत्त्व.

दुर्बिणीचा आणखी एक उपयोग शस्त्रक्रिया टाळण्यासाठी होतो. जठराची गाठ वाढलेली असेल तर पोटात आधी फक्त दुर्बीण घालून पाहतात. पोटाच्या आवरणावर सीटी स्कॅनमध्ये न दिसलेले बारीक दाणे आढळले, तर जठर काढून रुग्णाचा फायदा होत नाही. त्याला थेट औषधोपचार सुरू करता येतो आणि निरर्थक मोठी जखम वाचते.

आधी औषध, मग शस्त्रक्रिया

गेल्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल शस्त्रक्रियेच्या टेबलाबाहेर झाला. पूर्वी गाठ दिसली की लगेच काढण्याची घाई असे. आता वाढलेल्या गाठीला आधी केमोथेरपी, किंवा केमो आणि शेक (किरणोपचार) दोन्ही देऊन ती आकसवतात आणि मग काढतात.

जठरासाठी 2006 मध्ये ब्रिटनमधील चाचणीने पाया घातला. 503 रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो घेतलेल्यांपैकी 36 टक्के पाच वर्षे जगले, फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 23 टक्के. 2019 मध्ये जर्मनीत चार औषधांच्या नव्या मिश्रणाने, फ्लॉटने, याहून चांगला निकाल दिला. 716 रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, 35 महिन्यांवरून 50 महिन्यांवर गेला.

अन्ननलिकेसाठी 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली डच चाचणी मैलाचा दगड मानली जाते. पाच आठवडे केमो आणि शेक, त्यानंतर शस्त्रक्रिया, असा तिचा क्रम होता. जगण्याचा मध्यांक 24 महिन्यांवरून 49.4 महिने झाला. गाठ काठासकट स्वच्छ निघण्याचे प्रमाण 69 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर गेले. भारतातील वाचकासाठी यातली एक नोंद विशेष मोलाची आहे. स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांपैकी 49 टक्क्यांमध्ये काढलेल्या अन्ननलिकेत कर्कपेशी उरलीच नव्हती. चीनमध्ये केवळ स्क्वॅमस प्रकारच्या 451 रुग्णांवर झालेल्या चाचणीनेही हाच फायदा दाखवला.

यातून नवा प्रश्न उभा राहिला. गाठ औषधाने नाहीशी झाली असेल, तर अन्ननलिका काढायची की राखायची? अशा रुग्णांवर ठरावीक काळाने दुर्बीण, तुकडा तपासणी आणि स्कॅन करून लक्ष ठेवायचे आणि रोग उलटला तरच शस्त्रक्रिया करायची, या मार्गाची नेदरलँड्समध्ये चाचणी झाली. दोन वर्षांपर्यंतचे निकाल दिलासादायक आहेत. मात्र हा मार्ग वेळच्या वेळी तपासणीला येणाऱ्या रुग्णासाठीच सुरक्षित आहे. एकदा घरी गेल्यावर पुन्हा न फिरकणाऱ्यासाठी तो धोक्याचा आहे.

दुसऱ्या बाजूला अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकारासाठी जर्मनीत 438 रुग्णांवर झालेल्या चाचणीत केमो आणि शेक यांच्या जोडीपेक्षा फ्लॉट सरस ठरले. पेशींचा प्रकार नक्की कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही, ते यामुळेच.

मुंबईचे योगदान

भारतात या रोगाचा माग काढण्याचे काम मुंबईत सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला उघडले. 1955 मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांचे नाते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. 1963 मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. 1971 मध्ये डी. जे. जस्सावाला आणि व्ही. ए. देशपांडे यांनी तंबाखूच्या धोक्याचे मोजमाप अधिक नेमके केले. 1987 मध्ये बार्शीला ग्रामीण भागातली नोंदणी सुरू झाली आणि खेड्यातल्या कर्करोगाचे चित्र प्रथमच आकड्यांत दिसू लागले.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत, डी-2 भारतात सुरक्षितपणे करता येते हे डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयातील रुग्णांच्या आधारे 2006 मध्ये दाखवून दिले. युरोपात ज्या शस्त्रक्रियेने इतके बळी घेतले होते, ती सरावलेल्या हातांनी भारतात कमी धोक्याने होत होती. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत डॉ. सी. एस. प्रमेश यांचे काम महत्त्वाचे आहे. 2012 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा आहे. देशभरातील कर्करोग केंद्रांनी समान उपचारपद्धती पाळावी, म्हणजे जिल्ह्याच्या गावीही मुंबईसारखाच निर्णय व्हावा, हा या जाळ्याचा हेतू.

सातारा-सांगलीच्या रुग्णाची वाट

कोल्हापूरहून मिरज, सांगली, साताऱ्यावरून मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळ गाठणे आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करणे, ही या भागातल्या कित्येक कुटुंबांची वाट राहिली आहे. आज निदान आणि पुष्कळसे उपचार जवळच होतात. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे, तर मिरज आणि कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीची सोय आहे. महाराष्ट्रात 2012 मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक तिच्यात बसतात.

कोणते काम कुठे करून घ्यावे, याबद्दलही संशोधन स्पष्ट आहे. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, अन्ननलिकेच्या शस्त्रक्रिया क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांतले मृत्यू, त्या नेहमी होणाऱ्या रुग्णालयांपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त अंतराने अधिक होते. दुर्बिणीची तपासणी, तुकडा, स्कॅन, केमो आणि शेक घराजवळ होऊ शकतात. अन्ननलिका किंवा पूर्ण जठर काढण्याचे काम मात्र ते नेहमी करणाऱ्या चमूकडेच सोपवावे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवसही उपचाराचाच भाग आहेत. घास उतरत नसलेला रुग्ण उपाशीपोटी खंगलेला असतो. नाकातून किंवा पोटातून आतड्यात नळी घालून त्याला पातळ, प्रथिनयुक्त आहार देतात. तंबाखू आणि विडी त्याच दिवशी बंद करावी लागते. तीन गोळ्यांच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम आणि रोजचे चालणे यांनी फुफ्फुसे शस्त्रक्रियेला तयार होतात.

नंतरचे आयुष्यही शिकून घ्यावे लागते. एकदम ताटभर जेवण न करता दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खायचे, जेवणासोबत जास्त पाणी प्यायचे नाही, गोड पदार्थ बेताने घ्यायचे. अन्ननलिका काढलेल्या रुग्णाने डोक्याकडची बाजू उंच ठेवून झोपायचे, म्हणजे अन्न वर येऊन श्वासनलिकेत जात नाही. पूर्ण जठर काढले असेल तर बी-12 जीवनसत्त्व आयुष्यभर, बहुधा इंजेक्शनने, घ्यावे लागते. ही पथ्ये सांभाळणारे रुग्ण पुन्हा शेतावर आणि कामावर जातात.

दीडशे वर्षांच्या प्रयत्नांचा निष्कर्ष असा, की अधिक कापल्याने अधिक आयुष्य मिळत नाही. नेमके तेवढेच काढणे, योग्य क्रमाने औषध देणे आणि सरावलेल्या चमूने काम करणे, यांनी ते मिळते. पण या सगळ्याचा फायदा वेळेत आलेल्या रुग्णालाच होतो. घास अडकणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, कारण नसताना वजन उतरू लागले, शौचाला काळी होऊ लागली किंवा पन्नाशीनंतर प्रथमच पित्ताचा त्रास सुरू होऊन औषधाने जाईना, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. ती काही मिनिटांत होते. तंबाखू, मिश्री आणि विडी सोडणे, हा तर अन्ननलिकेच्या या रोगावरचा असा उपाय आहे की ज्यासाठी कोणत्याही रुग्णालयात जावे लागत नाही.